तेलाऐवजी पाणी

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली भेग दिसली. खडीच्या दाण्याच्या पोटातून निघून ती सिमेंटात शिरली होती, आणि आत काचेसारखा पांढुरका चिकट थर भरला होता.

बाह्यवळण रस्त्याच्या चौदाव्या किलोमीटरमधून काढलेल्या काँक्रीटची ती चकती. प्रयोगशाळेत ती तपासणाऱ्या ताईंनी थर ओळखला. हा थर पाणी पितो, फुगतो. रस्त्याचे तुकडे आतून वाढतात, मधल्या फटी बुजतात. मग कडक उन्हात दोन तुकडे एकमेकांना रेटतात आणि क्षणात छपरासारखे उभे राहतात.

गेल्या वर्षी याच रस्त्याला ताईंनी 'निर्दोष' म्हणून सही दिली होती. तेव्हाही भेगा दिसल्या होत्या, पण रिकाम्या. 'कापताना पडल्या असाव्यात,' असं त्यांनीच लिहिलं होतं.

"काका, गेल्या वर्षीची चकती कशावर घासली होती?"

चकत्या कापणाऱ्या काकांनी हात पुसले. "पाण्यावर. तेल संपलं होतं. म्हटलं, दोन दिवस थांबू. तुम्ही म्हणालात, 'घ्या पाण्यावर, कोण बघतंय?'"

तेलात टिकला असता तो थर पाण्याने धुऊन नेला होता; म्हणून भेगा रिकाम्या दिसल्या.

ताईंची धाकटी बहीण त्याच रस्त्यावरून शाळेची बस नेते. सकाळीच तिने चिडवलं होतं, "तुझ्या सहीच्या भरवशावर चाळीस पोरं नेते गं, नीट बघत जा!"

ताईंनी रस्त्याच्या अभियंत्यांना फोन लावून थराचं सांगितलं.

"आता कुठून हे भूत काढलंत, ताई?"

"तेव्हाही होतं, साहेब. मीच धुवायला लावलं. रस्ता बंद करा."

"एका चकतीवरून? लेखी पाठवा, बघतो."

"लेखी पोचेपर्यंत ऊन कुणासाठी थांबणारे? बाहेर त्रेचाळीस आहे!"

"तुमची चूक आहे, असं लिहून द्याल?"

"देते. आत्ता देते."

एक एकेचाळीसला कागद गेला: 'माझा मागील निष्कर्ष चुकीचा होता.' मग त्यांनी बहिणीचा नंबर लावला. बस चालवताना ती फोन पेटीत ठेवते, हे माहीत असूनही ताई लावत राहिल्या. शाळेतून कळलं, बस दीडलाच सुटली; दोनच्या सुमारास ती चौदाव्या किलोमीटरवर असते.

काकांनी पाण्याचा पेला पुढे केला. ताईंनी तो नुसता धरून ठेवला.

दोन वाजून सहा मिनिटांनी अभियंत्यांचा फोन आला. आवाजातली ऐट उतरली होती. "माणसं निघालीत, अजून पोचली नाहीत. पण ताई, चौदाव्या किलोमीटरवर गाड्या आधीच थांबल्यात. दोन्ही बाजूंनी."

"कशामुळे?"

"कळलं नाही."

ताईंनी पुन्हा बहिणीचा नंबर लावला. घंटा वाजत होती.