आकारामच्या डोस्क्यातली वडाप

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी पळवत्यात. मालक सायलेन्सर काढलेल्या गाडीवर फुडं, म्हस मागं. आमच्या आकारामची चंद्री तर त्येची गाडी सोडून कुणाच्या बापाच्या मागं जात न्हाय. औंदा गडी मागं वळून चंद्रीला फ्लाइंग किस द्यायला गेला आणि फुडं डिव्हायडर आला. धाडदिशी डोस्क्यावर आपटला.

उठला, पँट झटकली. रगत न्हाय, टेंगूळ न्हाय. मला म्हणतोय, "हंबीर, डिव्हायडरला लागलं का बघ रं." गल्ली हसून लोळली.

चहा घेताना परत तेच, "हंबीर, डिव्हायडरला लागलं का बघ रं." गल्ली परत हसली. तिसऱ्यांदा म्हणला आणि बशीतच ओकला, तरी लोकं टाळ्या वाजवत्यात!

आमी दोघं तीस वर्सं गल्लीला टोप्या घालतोय. नियम एकच: एक जोक एकदाच. आकाराम जोक परत सांगतोय म्हंजे आत कायतरी बिघडलंय.

त्येच्या बायकोला म्हणलो, "चिमणावैनी, ह्येला दवाखान्यात न्यायला पायजे."

"भावजी, शिमग्याला तुमी दोघांनी आजारपणाची थाप मारून मला ॲम्ब्युलन्समधनं उगाच फिरवलीया. आता न्हाय फसायची."

आकारामबी उठंना. मग मारली थाप, "लेका, चंद्रीच्या डोस्क्याला लागलंय. सिटी स्कॅनला नेलीया. मालकाची सही पायजे." गडी माझ्या आधी रिक्षात! वैनी शिव्या देत मागनं.

मशीन बघून म्हणतोय, "ह्यात चंद्री मावली कशी?"

स्कॅन झाल्यावर डॉक्टर प्रीतीमॅडमनी त्येच्या मेंदूचा फोटो दाखवला. "मेंदू मऊ असतो. डोकं आदळलं की तो आतल्या आत कवटीवर आपटतो, कधी दोन्ही बाजूंनी. मग सुजतो. पाय सुजला तर बाहेर फुगतो, पण कवटी फुगत नाही. आत दाब वाढतो, रक्त पोचत नाही, आणि धड असलेला भागही खराब व्हायला लागतो."

मी वैनीला समजावलं, "म्हंजे वडापची जीप. सतरा माणसं कोंबल्यात, दारं बंद, आणि मधला पैलवान फुगाय लागला."

"मग दारं उघडा की!" वैनी वरडली.

"आधी औषधानं सूज उतरवू," मॅडम म्हणाल्या. "नाही उतरली तर तेच करायचं. कवटीचा तुकडा काढून जागा करायची."

वैनी माझ्याकडं वळली. "भावजी, ही बी थाप हाय म्हणा की."

जन्मात पैल्यांदा मला थाप मारता येईना.

आकारामला औषधं देऊन झोपवून ठेवला. चौथ्या दिवशी सूज उतरली. मॅडम म्हणाल्या, "आता आठवण, ओळख कशी आहे ते बघू." आकारामनं डोळं उघडलं आणि पयला सवाल, "चंद्री कशी हाय? मला दावा."

आता आली का पंचाईत! चंद्री त्येच्या गाडीबिगर गोठ्यातनं हलंना. मी गल्लीतल्या कृष्णातची म्हस आणली, डोस्क्याला पट्टी गुंडाळली आणि खिडकीखाली उभी केली. वॉचमन म्हणतोय, "पावणं, भेटायची वेळ चार ते सहा."

आकाराम लई वेळ बघत बसला. वैनीनं माझा दंड आवळून धरला.

"हंबीर," त्यो म्हणला, "ही कृष्णातची हाय. आणि पट्टी नुसती शिंगालाच बांधलीस, येड्या."

वैनी हसतबी हुती, रडतबी हुती. मग आमी पाच मिन्टं वाट बघितली, त्योच जोक परत सांगतोय का म्हणून.

न्हाय सांगितला. खाली म्हस मॅडमच्या स्कूटरची सीट चाटत हुती.