ब्रेक ऑइल

दिवा लागला तेव्हा ठकी मागच्या सीटवर झोपली होती आणि मी तिला लस टोचून दवाखान्यातून घरी आणत होते. लाल गोल, आत उद्गारचिन्ह. उद्गारचिन्हाला मी एरवीही बिचकते, आणि हे तर गोलात कोंडलेलं. वळणावर लागला, सरळ रस्त्याला विझला, सिग्नलला ब्रेक दाबला की परत लागला. पुढचा सगळा रस्ता मी गाडी अशी आणली, की एका सायकलवाल्या आजोबांनी घंटी वाजवून मला मागे टाकलं.

सासरे फाटकाशीच उभे होते. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही.

"काय गं, चालवत आणलीस की ढकलत?"

"ब्रेकचा दिवा लागलाय, अप्पा."

"विझेल. जो लागतो तो विझतो."

त्यांचं तत्त्वज्ञान असं कुठेही उगवतं. मी ठकीला उचललं, तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघितला, आणि गाडीकडे पाहिलं. ही गाडी माझ्या नवऱ्याची पहिली बायको, असं सासरी सगळे म्हणतात. लग्नाआधी त्याने ती जुनी घेतली आणि तिचा एकेक स्क्रू स्वतः उघडून परत बसवला. मग तो जहाजावर गेला, इंजिनाच्या खोलीत, आणि आम्ही दोघी मागे राहिलो. म्हणजे आता ठकी धरून तिघी.

तो संध्याकाळी फोन करतो, ड्युटी संपली आणि जहाजावर नेट असलं की. ठकी झाल्यापासून त्या फोनचं कसं झालं होतं सांगू? दूरचे नातेवाईक लग्नात भेटतात ना, पंगतीत शेजारी बसतात आणि भात येईपर्यंत काय बोलायचं ते सुचत नाही, तसं. जेवलीस का? जेवले. ठकीनं दूध घेतलं? घेतलं. अप्पांचा गुडघा? तसाच. तुझ्याकडे गरम आहे का? इंजिनाच्या खोलीत गरमच असतं. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो, स्क्रीनवर त्याचा चेहरा थिजायचा, आणि मला खरंच कळायचं नाही की नेट गेलंय की तोच गप्प बसलाय.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "गाडीचा ब्रेकचा दिवा लागलाय."

तो उठून बसला. अक्षरशः. मागची उशी खाली पडली.

"सतत की मधूनमधून?"

"मधूनमधून. वळताना."

"ब्रेक दाबल्यावर?"

"हो, तेव्हाही."

"पाय आत जास्त जातोय का? मऊ लागतो?"

इतके प्रश्न त्याने मला बाळंतपणातही विचारले नव्हते. मला हसू आलं.

"ठकीला त्यात बसवू नकोस," तो म्हणाला. "गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. आपण शोधू."

आपण. तो शब्द मी अंथरुणात घेऊन झोपले.

मग रोज संध्याकाळी आमचा तपास सुरू झाला. आधी हँडब्रेक. फोन डॅशबोर्डला टेकवून ठेवायचा, दांडी वर ओढायची, पूर्ण खाली सोडायची, दिवा बघायचा. दांडीच्या बुडाशी एक छोटा स्विच असतो. दांडी खाली गेली तरी तो कधीकधी दाबलेला राहत नाही, मग दिव्याला वाटतं ब्रेक ओढलेलाच आहे. दुसऱ्या दिवशी त्याने मला त्या स्विचची वायर काढायला लावली. मी सीटवर आडवी, डोकं खाली, पाय दाराबाहेर. अप्पांनी व्हरांड्यातून विचारलं, "सूनबाई, आत आहेस की बाहेर?"

वायर काढली आणि गाडी दारातल्या दारात पुढे-मागे हलवली. दिवा लुकलुकलाच.

"म्हणजे स्विच निर्दोष," तो खुशीत म्हणाला. "आता बॉनेट."

काचेखाली, ड्रायव्हरच्या बाजूला, एक पांढुरकी प्लॅस्टिकची डबी. तिच्यावर दोन रेघा. आतलं चहाच्या रंगाचं पाणी खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं.

"ब्रेक ऑइल कमी झालंय," मी म्हटलं.

"म्हणून वळताना लागतो दिवा. आत एक तरंगणारा गोळा आहे. ऑइल एका बाजूला गेलं की तो तळाला टेकतो. झाकण काढ बघू. आधी पुसून घे, धूळ आत जाता कामा नये. आणि हाताला लागलं तर लगेच धू, गाडीवर सांडू नकोस. रंग खातं ते."

"तुला काळजी कशाची आहे? रंगाची की हाताची?"

"रंगाची. हात काय, माझेच आहेत."

मी झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. लग्नाच्या आधी हा असा बोलायचा. मला वाटलं होतं तो माणूस कुठल्यातरी बंदरावर उतरून राहिला.

"मग भरू का?"

"नाही नाही! आधी गेलं कुठे ते शोधायचं. पॅड झिजले असतील, नाहीतर एखाद्या चाकातला सिलिंडर गळतोय. उद्या चारी चाकांच्या आतल्या अंगाला बॅटरी मारून बघ. ओलं दिसलं तर सांग."

दुसऱ्या दिवशी ठकी झोपल्यावर मी जमिनीवर सतरंजी अंथरली आणि बघितलं. तीन चाकं कोरडी. चौथं राहू दिलं. संध्याकाळसाठी काहीतरी शिल्लक हवं ना. मला लाज वाटली, पण फार नाही.

चौथ्या चाकाची संध्याकाळ आलीच नाही. मी ठकीला आंघोळ घालत असताना बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ओल्या पोरीला पंच्यात गुंडाळून धावले, तर अप्पा स्टिअरिंगमागे बसून ब्रेकवर पाय मारतायत, चाक इकडे वळव, तिकडे वळव.

"बघ! आहे का दिवा?"

नव्हता.

"काय केलंत?"

"ते आमचं गुपित," अप्पा म्हणाले. गुडघा दुखत असतानाही ते गाडीतून टुणकन उतरले.

मला वाटलं, काढलेली वायर त्यांनी कुठेतरी खोचली असेल. संध्याकाळी फोन वाजला तो अप्पांनीच उचलला. एरवी ते दारातून हात हलवतात आणि जातात.

"गेला रे दिवा! मी घालवला!"

"अरे वा," तो म्हणाला. आवाज उशीला परत टेकला. "छान. मग झालं तर. गुडघा कसा आहे?"

"तसाच."

अप्पा जरा वेळ थांबले, मग फोन माझ्याकडे दिला.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

सकाळी मी बॅटरी घेऊन बाहेर गेले. खरं सांगायचं तर मी काहीतरी बिघडलेलं सापडावं म्हणून गेले होते. चौथ्या चाकामागे टायरच्या आतल्या भिंतीवरून ओलसर ओघळ आलेला, त्यावर धूळ चिकटून काळा झालेला. मला इतका आनंद झाला की मी पुटपुटले, "सापडलास!" शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी वाकून बघितलं.

मग बॉनेट उघडलं. डबी काठोकाठ भरलेली. पण आत दोन थर. खाली ते जुनं चहाचं पाणी आणि वर मधासारखं, जाड, सोनेरी काहीतरी तरंगतंय. आमटीवर तवंग असतो तसं. हे दोन एकमेकांत मिसळतच नव्हते.

आनंद तिथल्या तिथे गेला. दिवा विझलेला होता. मी आज खुशाल ठकीला मागे बसवून निघाले असते. उताराचा रस्ता, खाली शाळेचं फाटक.  मी बंपरवर बसले.

"अप्पा! डबीत काय ओतलंत?"

"ऑइल."

"कुठलं ऑइल?"

"कुठलं म्हणजे? गॅरेजच्या फळीवर डबा आहे ना त्याने ठेवलेला. नवं, सीलबंद. आता तू रोज फोनवर ऑइल कमी झालं, ऑइल कमी झालं करतेस, मला ऐकू येत नाही का?"

"अहो ते इंजिन ऑइल. हे ब्रेक ऑइल आहे."

"ऑइल ते ऑइलच की!"

"नाही, अप्पा."

"मग त्याला ऑइल कशाला म्हणता? मी काय वैरी आहे का तुमचा?" त्यांचा आवाज चढला आणि मधेच खाली आला. ते पायरीवर बसले. गुडघ्यावर हात फिरवत म्हणाले, "माझ्याशी तो दोन वाक्यं बोलतो. त्यातलं एक गुडघ्याशी. तुझ्याशी रोज तासभर चालायचं, हसायचा, ओरडायचा. मला वाटलं, दिवा मी घालवला तर मलाही विचारेल, कसा घालवला अप्पा, काय केलंत. त्यानं विचारलंच नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. रागाला जागाच उरली नाही. एकाच खिडकीशी आम्ही दोघं उभे होतो आणि मला वाटत होतं मी एकटीच आहे.

मेकॅनिकला बोलावलं. त्याला गल्लीत सगळे सावकाश म्हणतात, कारण तो कुठल्याही कामाला "सावकाश होईल" म्हणतो. आल्याआल्या तो काहीही न बघता म्हणाला, "हँडब्रेकचा स्विच असणार."

"तो झाला बघून. मागच्या चाकातला सिलिंडर गळतोय. आणि डबीत इंजिन ऑइल आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग डबीत, मग अप्पांकडे. कुणी सांगायची गरज नव्हती.

"काका, ब्रेक ऑइल हे नुसतं नाव आहे हो. त्यात तेलाचा थेंब नसतो. तेल लागलं की आतली रबरं फुगतात. ब्रेक लागेल तर सुटणार नाही, सुटेल तर लागणार नाही."

"मग नाव बदला," अप्पा म्हणाले.

"केसांचं तेल नाही घातलंत हेच उपकार. पाय मारला होता का ब्रेकवर?"

"मारला," अप्पा म्हणाले. "चांगला दहा वेळा."

"मग पाइपातही गेलं. सगळी रबरं बदलायची, सिलिंडर बदलायचा, पाइप धुवायचे. जुनी गाडी, सामान मागवावं लागेल. सावकाश होईल."

त्याने गाडी दोरीने बांधून ओढत नेली. दारात तिच्या आकाराचा मोकळा चौकोन राहिला, कडेने पाला.

संध्याकाळी फोन येईपर्यंत अप्पा येरझाऱ्या घालत होते. "माझं नाव सांगू नकोस," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सांगितलंस तरी चालेल." मग फोन वाजला आणि त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"ऐक. मी इंजिन ऑइल ओतलं ब्रेकच्या डबीत."

 मग तो जो सुटला! मला खोलीच्या या टोकाला ऐकू येत होतं. अप्पा, डब्यावर वाचत नाही का तुम्ही? अप्पा, लहानपणी मी रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पाणी घातलं होतं तेव्हा तुम्ही मला काय बोलला होतात, आठवतंय? अप्पा "हो रे", "चुकलंच रे", "पण नाव ऑइल कशाला" असं मधूनमधून म्हणत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं कुणी त्यांचे पाय चेपून देतंय. मधेच दोघं हसायला लागले. स्टोव्हवरून असावं.

मी ठकीला मांडीवर घेऊन बसले होते. नेटचा वेळ संपत चालला होता हे मला कळत होतं. फोन ओढून घ्यावासा वाटला. नाही घेतला.

शेवटी अप्पांनी तो दिला. "जरा चिडलाय," मला हळूच म्हणाले, जणू बक्षीस मिळालंय.

"हं," तो म्हणाला. अजून हसू उरलेलं होतं आवाजात. "गाडी नेली का?"

"नेली."

"अप्पा म्हणाले, सिलिंडर. मला वाटलंच होतं मागचाच असणार."

"हो."

"चांगलं शोधलंस."

"हो."

मग ते आलं, जे येणार हे मला दिवसभर माहीत होतं. सांगायचं संपलं. दाराबाहेर रिकामा चौकोन, आणि आमच्या मधोमधही तोच. आता तो विचारणार, जेवलीस का. तसं झालं तर गाडी येईपर्यंत आणि आल्यावरही असंच चालणार होतं.

"ऐक ना," मी म्हटलं. "मी एक चाक मुद्दाम बघितलं नव्हतं. तुझ्याशी बोलायला उरावं म्हणून. आता शोधण्यासारखं काहीच बिघडलेलं नाही. तरी फोन ठेवू नकोस."

त्याचा चेहरा स्थिर होता. मी बघत राहिले, नेट गेलं का. मग त्याची पापणी हलली.

"कुठल्या बाजूला झोपतेस आता?" त्याने विचारलं.

"तुझ्या. माझ्या जागी ठकी असते, भिंतीकडे."

"उशी?"

"तीही तुझीच."

तो मान हलवत राहिला. ठकीने हात पुढे करून त्याच्या नाकावर थापटी मारली, फोनची काच ओली झाली. त्याने तिकडून नाक जवळ आणलं. आम्ही कुणीच काही बोललो नाही. जहाजाची घरघर येत होती, मधून कुणाची तरी हाक, लोखंडी जिन्यावरची पावलं. तो कुठेच गेला नाही. मग त्याचं नेट खरंच संपलं.

अप्पा दारात ठकीची वाटी घेऊन उभे होते.

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"एवढा वेळ काहीच नाही?"

"हो, अप्पा," मी म्हटलं. "एवढा वेळ."