दादाच्या नाण्याची समोरची कड

नाण्यावरचा दोष टाकसाळीतच झाला की नंतर कुणी नाण्याला बडवलं, हे सांगणं माझं काम. टाकसाळीची चूक असेल तर संग्राहक ते नाणं डोक्यावर घेऊन नाचतात, नंतरचा मार असेल तर ते मोडीत. लोक ट्रकखाली गेलेलं, वॉशिंग मशीनमध्ये वर्षभर गरगरलेलं काहीही घेऊन येतात आणि आशेनं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. शंभरातल्या नव्याण्णव वेळा मी 'मार' म्हणतो. त्यामुळे हल्ली भिंगाआधी जीभच पुढे असते.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. निवृत्त झाल्यावर माझं बघून त्यालाही हा नाद लागला. आमच्या संग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात एकदा तरी आपलं नाणं मांडायचं, एवढीच त्याची इच्छा. दोन वर्षांत त्यानं एकतीस नाणी आणली. एकतिसांनाही मार.

बत्तिसावं आणलं तेव्हा मी जेवत होतो. तांब्याचं जुनं नाणं, कडेला बिस्किटाचा घास घेतल्यासारखा तुकडा गायब.

"हे तरी टाकसाळीचं आहे ना रे? बघ कसा गोल गेलाय तुकडा!"

"पकडीनं तोडलाय कुणीतरी."

"भिंग तरी लाव."

"दादा, माझी उभी हयात गेली यात. मार आहे. भाजी घेतोस?"

"तू म्हणतोस तर असेल बाबा," म्हणत त्यानं नाणं खिशात टाकलं. त्याआधी त्यानं फोनवर चौदा फोटो पाठवले होते. ते मी उघडलेही नव्हते.

दोन आठवड्यांनी मंडळात नव्या सभासदांना मी शिकवत होतो. त्यांतल्या एक दातांच्या डॉक्टर, प्रश्न विचारून जीव नकोसा करणाऱ्या. "तुकडा टाकसाळीतच गेला की नंतर कुणी तोडला, हे ओळखायचं कसं?"

"सोपं आहे. तुटल्या जागी बघूच नका, बरोबर समोरची कड बघा. ठसा उमटवण्याआधीची कोरी चकती मुळातच तुकडा गेलेली असली, तर कड उठवणाऱ्या यंत्रात तिला त्या बाजूनं दाब मिळत नाही, म्हणून समोरची कड नीट उठत नाही. पुसट राहते. नंतर तोडलेल्या नाण्याची समोरची कड मात्र जाडजूड असते. समोरची कड न बघता जो निकाल देतो, त्यानं भिंग विकून टाकावं."

असं म्हणालो आणि मला दादाचं नाणं आठवलं.

कोपऱ्यात जाऊन फोटो उघडले. आठ धूसर, तिनांत दादाचा अंगठा. बाराव्यात समोरची कड होती, म्हणजे जवळजवळ नव्हतीच. शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. मला स्वतःचीच लाज वाटली. अनोळखी माणसाचं गंजकं नाणंही मी भिंगाखाली धरतो, आणि सख्ख्या भावाला जेवता जेवता उडवून लावलं होतं.

प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं. मी तडक दादाचं घर गाठलं.

"या भाऊजी, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. दादा आतून हात पुसत आला. "बरं झालं आलास. उद्या वाढदिवस ना तुझा? आजच घे." त्यानं माझ्या तळहातावर किल्ल्यांची साखळी ठेवली. तिला ते नाणं लटकत होतं. "मोडीतलंच म्हणालास, मग म्हटलं वाया कशाला घालवा. ड्रिलनं भोक मीच पाडलं. तीन दिवस पॉलिश करतोय!"

नाणं नव्या नळासारखं चकाकत होतं. मला रडावं की हसावं कळेना. गप्प बसलो असतो तर जन्मात कुणाला पत्ता लागला नसता, दादाला तर नाहीच. पण तो इतक्या कौतुकानं बघत होता की गप्प बसवेना.

"दादा, हे टाकसाळीचं होतं. मी बघितलंच नव्हतं नीट."

वहिनींनी कपाळाला हात लावला. दादा खुर्चीत बसला.

"म्हणजे मी बरोबर होतो?"

"होतास."

"आणि तू चुकलास?"

"चुकलो."

"परत म्हण. अगं, नीट ऐक गं, साक्षीला राहा!"

मी परत म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. मग त्यानं साखळी माझ्या हातातून काढून घेतली. "मग ही तुला मिळायची नाही. उद्या प्रदर्शनात मांडणार."

"अरे, भोक पाडलेलं नाणं कोण मांडतं?"

"मी मांडतो. चिठ्ठी तू लिहायची, सहीसकट."

रात्रभर विचार करून मी ती लिहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी दादाच्या टेबलाशी. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली: "कडेचा गेलेला तुकडा: टाकसाळीची चूक. वरचं भोक: परीक्षकाची चूक."

"कोण हो हा परीक्षक?" मागून कुणीतरी विचारलं.

दादानं माझ्या खांद्यावर हात टाकून मला पुढे ओढलं. "हा. माझा धाकटा भाऊ," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझी ओळख करून देताना त्याची मान इतकी ताठ होती.