पाठ केलेला तक्ता

तातेराव गुरुजी आयुष्यात कधी अभ्यास न करता परीक्षेला बसले नाहीत, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

भोकरदनच्या शाळेतून निवृत्त होऊन ते टेंभुर्णीत येऊन राहिले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करायचं ठरलं आणि कोरोना आला. दवाखाने कोरोनाच्या पेशंटांनी भरले, शिबिरं बंद पडली, मोतीबिंदू मात्र पिकत राहिला. फार पिकू दिला तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

मुलगा भारत पुण्याला कंपनीत होता. कंपनीच्या विम्यात आईवडीलही होते. दुसऱ्या लाटेत विमावाल्यांनी सवलत दिली: दवाखान्यात न जाता मोबाइलवरच डोळे तपासून घ्या, नजर खरंच गेलेली दिसली तर ऑपरेशनचा खर्च मंजूर. त्यासाठी अक्षरांचा तक्ता पाठवला. तो छापून भिंतीला लावायचा आणि लांबून वाचायचा.

तोही आदल्या दिवशी पाठवला! मास्तराच्या हाती आदल्या दिवशी पेपर द्यायचा आणि त्यानं तो बघू नये अशी अपेक्षा ठेवायची, ही अक्कल विमा कंपनीचीच. गुरुजींनी मोबाइल नाकाला लावला, अक्षरं बोटांनी मोठी केली आणि संध्याकाळपर्यंत तक्ता पाठ. यात काही लबाडी आहे हे त्यांच्या मनातही आलं नाही. तपासणी म्हटल्यावर तयारी नको?

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, चांगुणाबाईंनी, मोबाइल धरला. पडद्यावर डॉक्टरीणबाई होत्या. मोबाइलमधून डोळ्यातलं काही धड दिसेना, म्हणून सगळी भिस्त तक्त्यावर. गुरुजी ताठ उभे राहिले आणि वरून खालपर्यंत, शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीसकट, खणखणीत वाचून मोकळे झाले. चांगुणाबाईंना भरून आलं. या वयात एवढी नजर!

आठवड्याभरात कळलं: नजर उत्तम, ऑपरेशनची गरज नाही, खर्च नामंजूर.

भारत फोनवर चिडला. "बाबा, तुमी पास कशाला झालात?"

"मंग काय नापास होऊ? सगळ्यांसमोर?"

भारतनं हातापाया पडून फेरतपासणी मिळवली. या वेळी तक्ता नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मोबाइल टेबलावर टेकवायला लावला आणि चांगुणाबाईंना गुरुजींच्या समोर उभं राहून बोटं दाखवायला सांगितली. त्यांनी तीन बोटं वर केली.

गुरुजी डोळे बारीक करून पुढं वाकले.

"सर, किती बोटं आहेत?"

पाठ केलेलं काहीच नव्हतं. "मॅडम," शेवटी ते म्हणाले, "बोटं न्हाई दिसून राह्यली. कुणीतरी उभं हाय, एवढंच कळतं."

चांगुणाबाईंचा हात तसाच वर राहिला.

खर्च मंजूर झाला. जालन्याच्या दवाखान्यानं तारीखही दिली. भारतनं आनंदानं कळवलं तेव्हा गुरुजी मान खाली घालून बसले होते. नापास होण्याची त्यांना सवय नव्हती.

चांगुणाबाई फोन ठेवून समोर येऊन बसल्या. "मंग जयंतीच्या दिवशी मी पांढरं लुगडं नेसले, तवा चांगली दिसती म्हणालात, ते?"

"तू पाठ हायेस मला."

"म्हंजी माझे दात पडले, केस पिकले, तोंडावर सुरकुत्या आल्या, ते तुमी बघितलंच न्हाई?"

"न्हाई."

चांगुणाबाईंना राग आला होता आणि रडूही आलं होतं. एवढे दिवस हा माणूस आपल्याशी बोलत होता तो कुणा दुसरीलाच बघून, असं त्यांना वाटलं. ती दुसरीही आपणच, हे ध्यानात यायला त्यांना वेळ लागला.

डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी त्या तेच पांढरं लुगडं नेसल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. पुढं यायला धजेनात. मग काही न बोलता त्यांनी तीन बोटं वर केली.

बोटं मोजायचं सोडून गुरुजी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले.