तांदळात लिहिलेलं नाव

...पेनड्राइव्हवरची सोनेरी अक्षरं झिजून झिजून आता त्याच्या नावातला 'द' आणि बायकोच्या नावाचा शेवटचा काना एवढंच उरलं होतं, आणि दोघांच्या मध्ये छापलेला बदाम मात्र अगदी कालच छापल्यासारखा लालभडक — नावं पुसली जातात आणि बदाम राहतो, हा कसला रंग म्हणायचा! दयानंदने तो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. लग्नानंतर दोन महिन्यांनी फोटोग्राफरनं तो लाकडी डबीत, खाली मखमल घालून दिला होता. काल दुपारी विष्णुपुरीच्या कॉलेजात, जिथे तो संगणकाच्या लॅबमध्ये सहायक होता, त्याने याच पेनड्राइव्हवर विंडोजचा सेटअप चढवला. हाताशी दुसरा नव्हता. यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं स्क्रीननं विचारलं आणि त्याने सवयीनं होकार दिला, कारण लग्नाचे फोटो, व्हिडिओ सगळं लॅपटॉपवर होतंच की. पण पुसायचा होता तो लॅपटॉपच, हे त्याला घरी येऊन जेवायला बसल्यावर लक्षात आलं. तोंडातला घास थोडा वेळ तसाच राहिला, मग त्याने तो गिळला.

"दया, झालं का रे तुझं?" बाहेरून आई. "टेम्पो निघालाय म्हणं औशाहून. अमरेशचा फोन आलता."

"करून राहिलो," तो म्हणाला.

करून राहिलो... पण करत काहीच नव्हता. लॅपटॉप समोर उघडा होता, चार्जरची वायर भिंतीपर्यंत ताणलेली. बॅटरी कधीच गेली होती, चार्जर काढला की हा बंद. आप्पासाहेबांनी, तिच्या वडिलांनी, लग्नात दिलेला. कपाट, दिवाण, भांड्यांची मांडणी, मिक्सर आणि सर्वांत वर हा लॅपटॉप, 'जावई कॉम्प्युटरवाले हायत' म्हणून हौसेनं घेतलेला, आणि वापरला मात्र तिनंच. गेल्या महिन्यात लातूरला फारकतीच्या कागदावर सह्या झाल्या. जे दिलं ते परत, घेतलं ते परत, असं दोन्हीकडच्या थोरांनी ठरवलं. कोणी आवाज चढवला नाही, चहा झाला, आप्पासाहेबांनी तर निघताना त्याच्या पाठीवरून हातही फिरवला. तो हात अजून पाठीवर आहे असं त्याला कधी कधी वाटतं.

भांडण असं झालंच नव्हतं, हीच तर पंचाईत. दारू नाही, मार नाही, सासुरवास म्हणावा तर आईचं बोलणं जरा टोचरं, पण तेवढं कुठल्या घरात नसतं... चार वर्षं ती या घरात होती आणि दर वर्षी थोडी कमी कमी बोलत गेली. मग दोन वर्षांपूर्वी पंचमीला माहेरी गेली ती आलीच नाही. थोरांनी पुन्हा पुन्हा विचारलं, बाई, कारण तर सांग. तेव्हा ती एवढंच म्हणाली, की तिथं मी नसल्यासारखीच असते. त्याचे मामा म्हणाले, हे काय कारण झालं? दयानंदलाही तेव्हा वाटलं होतं, हे काय कारण झालं.

पण लॅपटॉप इथेच राहिला होता. आणि लॅपटॉप इथे आहे तोवर... त्याने कोणाला, स्वतःलाही, हे नीट सांगितलं नव्हतं, पण दोन वर्षं तो या एवढ्याशा गोष्टीवर जगला होता. कधीतरी तिला काहीतरी लागेल. एखादी मार्कशीट, तिनं गोळा केलेली रांगोळीची चित्रं, भावाच्या मुलीचा वाढदिवस. ती फोन करेल. म्हणेल, अहो, तेवढं शोधून पाठवता का? आणि मी म्हणेन, हो, पाठवतो — पुढे काय म्हणेन ते त्याने ठरवून ठेवलं होतं, बदलून बदलून ठरवलं होतं, बसमध्ये, लॅबमध्ये, दाढी करताना. परवा फोन आला तो अमरेशचा, तिच्या धाकट्या भावाचा. एरवी फोन उचलताच 'दाजी' म्हणणारा पोरगा यावेळी कसलीच हाक न मारता बोलला, "ताईनं सांगितलंय, लॅपटॉप समदा साफ करून द्या. त्यातलं तिला काईच नको."

"काहीच नको?"

"न्हाई म्हणली. काईच."

दोन वर्षांत तिनं त्याच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

फोनला वायर लावून व्हिडिओ तिकडे घेता आला असता. दहा मिनिटांचं काम. वायर त्याने टेबलावर काढूनही ठेवली होती. मग त्याने स्वतःला बजावलं, सगळं नको, एकच तुकडा घ्यायचा, आणि तो फाइली उघडत, पुढे ढकलत बसला. अक्षता, जेवणाच्या पंगती, कोणाचं तरी रडणारं मूल, आणि मग तो तुकडा आला. ताटात पसरलेले तांदूळ, त्याच्या बोटात अंगठी, आजूबाजूला बायकांची गर्दी, आणि लग्न लावणारे स्वामी सांगताहेत, लिहा आता नवरीचं नाव.

माहेरचं नाव शरणम्मा. आजीचं ठेवलेलं. कानडी वळणाचं, जुनाट. आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, नांदेडात हे चालायचं न्हाई, लोक म्हातारी समजतील. बहिणींनी मिळून तनुजा शोधलं. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, छान आहे. तिला विचारलं का? कोणी विचारलं असेल, त्याला वाटायचं. बायकांनी बायकांत विचारलंच असेल.

व्हिडिओतला दयानंद अंगठीनं 'तनुजा' लिहितो. बायका हसतात. इतक्यात फोटोग्राफरचा आवाज — दादा, फोकस गेला, परत एकदा. आणि व्हिडिओतला दयानंद तळहातानं तांदूळ सारखे करतो, हसत, मान वर करून फोटोग्राफरकडे बघतो, की झालं का, लिहू का... तो एवढंच बघत होता, हे त्याला आठवत होतं. पण कॅमेरा त्याच्यावर नव्हता. कॅमेरा तिच्यावर गेला होता.

ती ताटाकडे बघत होती. कोऱ्या तांदळांकडे. मुंडावळ्या बाजूला करून, जरा पुढे झुकून, अगदी मन लावून. आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही सुटका होती, की आता बहुतेक हे राहिलं, हे रद्द झालं. एक दाणा ताटाच्या काठावर आला होता तो तिनं बोटानं हळूच आत ढकलला. मग पडद्यावर त्याचा हात आला, अंगठी आली, 'त' उमटला, आणि तिनं मान खाली घातली. बायका म्हणाल्या, वाच की गं. तिनं वाचलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

दयानंदने व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला. पुन्हा पाहिला. आपल्याला हे चार वर्षं दिसलं नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य याचं वाटलं की लॅपटॉप इतकी वर्षं याच टेबलावर होता. तिनं हे पाहिलं असेल? दुपारी, आई झोपल्यावर, एकटीनं? पाहिलं असणारच. आणि जे नाव एवढ्या थाटानं, दोनदा लिहिलं, ते मी कितीदा घेतलं? 'अगं' म्हणायचो. 'ऐकलंस का' म्हणायचो. लोकांत 'हिला' म्हणायचो. जुनं नाव काढून घेतलं आणि नवं वापरलंही नाही... कोणी मारल्यासारखं रडू आलं, आणि आलं तसं गेलंही.

त्याने फोनची वायर गुंडाळून खणात टाकली. पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉप बंद करून चालू केला.

हे काम त्याच्या हाताचं होतं. दर उन्हाळ्यात लॅबमधले सगळे संगणक तो असेच कोरे करायचा, चहा पीत, कोणाशी तरी गप्पा मारत. डिस्कचे जुने भाग निवडायचे, काढून टाकायचे, यातलं सगळं जाईल असं यंत्र बजावतं, त्याला हो म्हणायचं. तो हो म्हणाला. मग आकडा सरकू लागला, सावकाश, मध्येच थांबत, म्हाताऱ्या लॅपटॉपचा पंखा घरघरत. इतकं साधं असतं हे! काही ओरडत नाही, जळत नाही. बाहेर आई भांडी पोत्यात भरत होती आणि ताटावर ताट आपटल्याचा आवाज येत होता. त्या प्रत्येक ताटावर मशीननं टिंबा-टिंबांनी कोरलं होतं, 'सौ. तनुजा हिस माहेरची भेट'. माहेरच्यांनीसुद्धा नवंच नाव कोरून आणलं होतं.

"ह्या नावाचं काय करतील रे ते?" आईनं दारातून विचारलं. आईचा, तुळजाबाईंचा, आवाज आज टोचरा नव्हता. हातात एक तांब्या होता, त्यावरून त्या अंगठा फिरवत होत्या. "खरडून तर निघायचं न्हाई."

"मोडीत देतील."

"चांगली भांडी हायत," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "चांगली होती रे पोरगी." मग त्या आत न येता तशाच परत गेल्या. हे वाक्य चार वर्षांपूर्वी या घरात कोणी मोठ्यानं म्हटलं असतं तर — पण दयानंदने तो विचार पुरा केला नाही.

लॅपटॉप आपोआप बंद होऊन सुरू झाला. निळा, स्वच्छ पडदा. देश कोणता, भाषा कोणती, त्याने भरत नेलं. मग पांढऱ्या चौकटीत प्रश्न आला: हा संगणक कोण वापरणार? नाव लिहा.

बोटांनी आपसूक 'तनु' लिहिलं. त्याने ते पुसलं. मग सावकाश, एकेक कळ शोधत, 'शरणम्मा' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. चांगलं नाव होतं, ठाम, जमिनीवर बसलेलं. बघत राहिला, वाटलं, हे ती उघडेल तेव्हा बघेल, तिला कळेल की याला कळलं... आणि तिथेच तो थबकला. पुन्हा माझंच लिहिणं. पुन्हा ताट माझ्यासमोर, आणि तिनं वाचायचं. त्याने एकेक अक्षर मागे घेतलं. चौकट रिकामी झाली, आत नुसती एक उभी रेघ मिटत-उघडत राहिली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. त्याने चार्जर काढला, पडदा काळा झाला. चालू केल्यावर तोच प्रश्न पुन्हा येईल, तिच्यापुढे. ती काय लिहील ते त्याला कधीच कळणार नव्हतं.

कपाट चढलं, दिवाण चढला, पोती चढली. लॅपटॉप अमरेशनं पुढे, सीटवर ठेवला. साफ केलाय का, त्यानं विचारलं. दयानंदने मान हलवली. टेम्पो सुरू झाल्यावर पोरगा खिडकीतून वाकला, आणि जुन्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "दाजी, ताईला काई सांगायचंय?"

होतं. दोन वर्षं ठरवून ठेवलेलं होतं. त्याने तोंड उघडलं, तिला म्हणावं — आणि पुढे तिला हाक कशानं मारायची तेच त्याला सापडेना. अगं म्हणायचा हक्क गेला होता. एक नाव त्याने दिलेलं, ते तिनं ठेवलं नव्हतं. एक तिचं होतं, ते त्याला कोणी दिलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

टेम्पो वळला. आई आत गेली. तो ओट्यावर बसला, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत; तांदळाचं ते ताट सारखं झालं होतं आणि आता परत एकदा लिहा म्हणणारं कोणी नव्हतं. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की उजव्या हाताचं बोट मघापासून मांडीवर फिरतंय, काहीतरी लिहितंय. काय, ते त्याला वाचता आलं नाही.