पेनामावशींची सहा पोती

रालित्साला बल्गेरियातल्या आमच्या प्लोव्हदिवच्या ऑफिसात येऊन पाचच महिने झाले होते. मला नऊ वर्षं. तरी नव्या गटाचं प्रमुखपद तिलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. आमचे साहेब, बाय कोस्ता ('बाय' म्हणजे आमच्याकडे 'दादा'), तिच्या कामाचं येता-जाता कौतुक करत. माझं काम 'चोख' असे, बस्स.

काझानलकजवळच्या एका गुलाबतेलाच्या भट्टीला वेबपान हवं होतं. फुलांचं पोतं तोललं की बटण दाबायचं, तक्त्यात नवी ओळ यायची. हे पान बघूनच बाय कोस्ता प्रमुख ठरवणार होते. रालित्साने ते देखणं केलं. आमच्याकडे दुसऱ्याने तपासून मंजुरी दिल्याशिवाय कोणाचाही कोड पुढे जात नाही. हा माझ्याकडे आला.

दोष लगेच दिसला. 'जतन' दाबलं की सर्व्हर पान नव्याने बांधतो. बटणाने वाढलेल्या ओळी तेव्हा कोडने पुन्हा घातल्या नाहीत तर त्या जातात, आणि रालित्साच्या कोडमध्ये तेच राहून गेलं होतं. रालित्साने पानात मुळात असलेल्या पहिल्या ओळीवरच तपासलं होतं. ती टिकतेच.

मी चार ओळींची दुरुस्ती लिहिली, स्वतःकडे ठेवली आणि मंजुरी दिली.

गुरुवारी भट्टीच्या पेनामावशी पान बघायला आल्या. त्यांनी बाय कोस्तांसमोर सहा पोती नोंदवली, जतन केलं. एक ओळ उरली.

"पोरी, पाच पोती कुणी पळवली गं?"

रालित्सा कोड खालीवर चाळू लागली. मी बघतो म्हणालो आणि दोन मिनिटांत दुरुस्ती बसवली. या वेळी सहाच्या सहा ओळी टिकल्या. बाय कोस्तांनी माझी पाठ थोपटली.

सगळे गेल्यावर रालित्सा माझ्या शेजारी येऊन बसली. दुरुस्तीची फाइल पडद्यावर उघडीच होती. तिने तारीख वाचली.

"मंगळवार. मंजुरीही मंगळवारचीच ना, इवायलो?"

मी फाइल बंद केली.

"तेव्हाच सांगितलं असतंस, तर चूक तू पकडलीस हे मीच साहेबांना सांगितलं असतं. आता काही सांगत नाही. ती खुर्ची तुला लखलाभ."

सोमवारी प्रमुखपद मला मिळालं. रालित्साने दुसरा गट मागून घेतला. तिकडे तिचं कसं चाललंय, याची चौकशी मी अजून रोज करतो. चांगलं चाललंय, असं कळतं. मग जेवण जात नाही.