चाखणीचा प्याला घासू नये

मित्रांनो, मी चांदीचा एक जुना प्याला आहे. पण हे पाहणाऱ्याला आधी पटत नाही. माझा रंग आता तव्याच्या रंगाकडे झुकला आहे. उंची जेमतेम दोन बोटं, रुंदी तळहाताएवढी आणि कडेला अंगठा टेकायला एक कान. परवाच एका पाहुण्याने मला राखदाणी समजून माझ्यात सिगारेट विझवली. असो. ज्याचं त्याचं ज्ञान.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या बोन गावी एका कारागिराने मला घडवलं. त्याने माझ्या एका बाजूला गोल खोलगट टिकल्या ठोकल्या आणि दुसऱ्या बाजूला लांबट पन्हाळी ओढल्या. टिकल्या लाल वाइनसाठी, पन्हाळी पांढरीसाठी. त्या काळी तळघरात मेणबत्तीशिवाय उजेड नसायचा. तेवढासा उजेड माझ्या टिकल्यांवर पडून परतला, की वाइनचा खरा रंग दिसायचा. काठाशी जांभळी झाक असेल तर वाइन तरुण, विटकरी झाक असेल तर म्हातारी. काठ गढूळ दिसला तर काहीतरी बिघडलं आहे.

माझा पहिला मालक लाझार हा वाइनचा दलाल होता. मला दोरीने गळ्यात अडकवून तो सगळा फ्रान्स फिरला. बोर्दोची वाइन माझ्यात आली तेव्हा मला वाटलं, कुणी शाईच ओतली. वास काळ्या बेरींचा आणि त्याच्या मागे नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा. तुरटपणा एवढा, की लाझारचं तोंड अक्रोडाची साल चघळल्यासारखं व्हायचं. "ही आज नुसती भांडते," तो म्हणायचा, "वीस वर्षांनी बोलायला लागेल." रोन नदीकाठची वाइन मिरीच्या आणि धुराच्या वासाची, अंगाने दणकट. लुआरकडच्या वाइनला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास. बोझोलेची हसरी, स्ट्रॉबेरीच्या वासाची. ती लवकर प्यावी, साठवून तिचं भलं होत नाही. आणि आमची बर्गंडीची दिसायला सगळ्यांत फिकट. नवखा माणूस तिला पाणचट समजतो. मग तो घोट थुंकतो, दोन पावलं चालतो, आणि तेव्हा तोंडात चेरी येते, तिच्यामागून जंगलातल्या ओल्या पानांचा वास येतो आणि बराच वेळ जात नाही.

तुमचं वय वाइन चाखण्याचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण वास ओळखायला वयाची अट नसते. शिवाय चाखणारा पीतच नाही. तो वाइन तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. पिणाऱ्याला संध्याकाळपर्यंत स्वतःचं नावही नीट सांगता येत नाही, तो वाइनचं काय सांगणार?

लाझारने माझ्यासाठी एकच नियम घालून दिला होता. चाखणी झाली की मला वाइननेच विसळायचं आणि एप्रनच्या टोकाला पुसायचं. साबण नाही, राख नाही, काही नाही.

लाझारनंतर मी त्याच्या नातवाकडे, फिलिबेरकडे आलो. फिलिबेर दलाल नव्हता. त्याचे स्वतःचे द्राक्षमळे होते आणि घराखाली सतरा पायऱ्यांचं तळघर होतं. ती माझी वैभवाची वर्षं. फिलिबेर एका घोटात सांगायचा की द्राक्षं उताराच्या वरच्या अंगाची आहेत की खालच्या. गावचे लोक आपापली पिंपं फोडली की त्याला बोलवायचे आणि तो मला घेऊन जायचा. मी त्याच्या छातीवर डुलत असे आणि मला थोडा गर्वही झाला होता. त्याची मुलगी सोलांज लहानपणी तळघराच्या दारात पोटावर पडून खालून येणारा वास घ्यायची. आत यायची तिला बंदी होती. बाई तळघरात उतरली की वाइन आंबते, असं आमच्याकडे शहाणीसुरती माणसंही म्हणायची.

एकोणीसशे एकोणसाठ साली, उन्हाळा सरता सरता, फिलिबेर शिडीवरून पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. सतरा पायऱ्या त्याला कायमच्या बंद झाल्या. द्राक्षं तर तोडायला आली होती. तेव्हा तीस वर्षांची सोलांज पहिल्यांदा हक्काने तळघरात उतरली. द्राक्षं तिनेच तुडवून घेतली, पिंपं तिनेच भरली आणि हिवाळाभर दर आठवड्याला लाकडातून उडून गेलेल्या वाइनची तूटही तिनेच भरून काढली. अकरा पिंपं झाली.

फिलिबेरचा पुतण्या ओक्ताव्ह दर रविवारी जेवायला यायचा.

"काका, पोरीचा हट्ट पुरवलात, ठीक आहे," तो रस्सा पुसून खाता खाता म्हणायचा. "वसंतात अकरा पिंपांचं व्हिनेगर झालं की मला हाक मारा. अख्ख्या जिल्ह्याची कोशिंबीर होईल!"

"तू आधी स्वतःच्या पिंपांची बुडं बघ," सोलांज म्हणायची. "मागच्या वर्षी तुझ्या वाइनला ओल्या कुत्र्याचा वास येत होता. कुत्रा मात्र तुझ्याकडे नाही."

फिलिबेर हसायचा, पण त्यालाही धाकधूक होती. शेवटी त्याने सांगून टाकलं. वसंतात दलाल तेरियो येईल. त्याने वाइन आमच्या घराच्या नावाने बाटलीत भरण्यालायक ठरवली, तर मळे आणि तळघराची किल्ली सोलांजची. नाही ठरवली, तर ओक्ताव्हची. सोलांजने मान हलवली. त्या रात्री ती जेवली नाही.

आता माझ्या आयुष्यातली ती चूक. ती कुणा आळशी माणसाने केली असती तर मी इतका खंतावलो नसतो. ती फिलिबेरने केली आणि प्रेमापोटी केली.

तेरियो यायच्या आदल्या दोन दिवसांत त्याचे हात स्वस्थ बसेनात. आपली मुलगी पहिल्यांदा दलालासमोर उभी राहणार, तिच्या गळ्यातला प्याला काळा कसा असेल? त्याने चर्चमधली दिवठाणं घासायला वापरतात तो पांढरा लेप शेजारणीकडून मागून आणला आणि मला घासायला बसला. टिकली न् टिकली घासली. पन्नास वर्षांत मी तसा चमकलो नव्हतो. मग त्याने मला पाण्यातून काढलं आणि पुसलं. वाइनने विसळायला हवं, हे त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण डॉक्टरने त्याच्या खोलीत वाइनचा थेंबही ठेवू दिला नव्हता. "पाण्याने काय बिघडतंय," तो मला उजेडात फिरवत म्हणाला. लेपाचे बारीक कण माझ्या टिकल्यांच्या तळाशी तसेच बसले होते. मला ते जाणवत होते. सांगणार कसं?

तेरियो सकाळी दहाला आला. जाडजूड, लालबुंद नाकाचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या खिशात स्वतःचा प्याला असायचा. पण आमच्या तळघरात पहिली चव माझ्यातूनच घ्यायची, असा लाझारच्या काळापासूनचा रिवाज होता. खाली पिंपावर सोलांजने गरम चीजचे वडे ठेवले होते.

"चीज उचल, पोरी," तेरियो म्हणाला आणि त्याने खिशातून सफरचंद व चाकू काढला. "विकणाऱ्याने चीज द्यावं, घेणाऱ्याने सफरचंद खावं. चीज वाइनचे दोष झाकतं, सफरचंद उघडे पाडतं. तुझ्या बापानेच मला शिकवलंय हे."

"मलाही त्यांनीच शिकवलंय," सोलांज म्हणाली. "वडे तुमच्यासाठी नाहीतच, मोस्यू तेरियो. तुम्ही गेल्यावर माझ्यासाठी आहेत."

तेरियोचा ओठ जरासा हलला. त्याने सफरचंदाची फोड खाल्ली. सोलांजने काचेच्या नळीने पहिल्या पिंपातली वाइन माझ्यात सोडली. रंग सुरेख होता, माणकासारखा, काठाशी जांभळा. तेरियोने वास घेतला आणि भुवया आक्रसल्या. घोट घेतला. थुंकला.

"काय झालं?" सोलांजने विचारलं.

"धातू लागतोय. आणि मागे साबणासारखं काहीतरी."

मित्रांनो, आमच्याकडे प्याल्यात उरलेली वाइन पुन्हा पिंपात ओततात. ती जमिनीवर ओतली तर पिंपाच्या मालकाचं नाक कापल्यासारखं होतं. तेरियोने ती जमिनीवर ओतली. सोलांजचा चेहरा पांढरा पडला. तिने दुसरं पिंप उघडलं, मग तिसरं. प्रत्येक वेळी तेच झालं. तिने स्वतः माझ्यातूनच घोट घेतला आणि तिलाही तीच चव लागली.

"पोरी," तेरियो चाकू मिटत म्हणाला, "मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. पण मी फिलिबेरशी खोटं बोलू शकत नाही."

दोष माझ्या अंगावर होता आणि शिक्षा तिला होत होती. मला जीभ नाही याचं इतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

सोलांजने डोळे पुसले आणि कोनाड्यातून एक धुळकट बाटली काढली. "असं कडू तोंड घेऊन आमच्या घरून कुणी गेलेलं नाही," ती म्हणाली. "वडिलांची सत्तेचाळीस सालची आहे. एक घोट घ्या आणि मग वर जाऊन त्यांना काय सांगायचं ते सांगा."

सत्तेचाळीसची ती वाइन गावात देवासारखी मानत. सोलांजने ती माझ्यात ओतली. तेरियोने टोपी काढली, घोट घेतला आणि तोही थुंकला.

"हीसुद्धा गेली!" तो ओरडला. "अरे देवा, हीसुद्धा!"

"ही जाईल कशी?" सोलांज म्हणाली. "बाटली तर आत्ता फोडली." ती बोलता बोलता थांबली. तिने मला रिकामं केलं, मेणबत्तीजवळ धरलं आणि माझ्यात नाक घातलं. मग करंगळीच्या नखाने एका टिकलीचा तळ खरवडला. नखावर पांढरा कण आला. तिने तो हुंगला.

"मोस्यू तेरियो," ती हळूच म्हणाली, "तुमच्या खिशातला प्याला काढता का?"

त्याचा प्याला मुलाम्याचा होता आणि पोचा पडलेला. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला. तेरियोने नव्याने सफरचंद कापलं. सोलांजने पहिल्या पिंपातली वाइन सोडली. तेरियोने वास घेतला आणि डोळे मिटले.

"चेरी," तो म्हणाला. "पिकलेली, काळपट. उन्हाचं साल होतं, ते लपत नाही." मग घोट घेऊन तो बराच वेळ तोंडात घोळवत राहिला आणि थुंकून दोन पावलं चालला. "तुरटपणा आहे, पण मऊ, मखमलीसारखा. त्याच्या मागे व्हायोलेटची फुलं. आणि अजून जात नाही, बघ. अजून आहे." त्याने दुसरी फोड खाल्ली आणि पुन्हा चव घेतली. "सफरचंदावरसुद्धा टिकते!"

मग त्याने प्याल्यात उरलेली वाइन काळजीपूर्वक पिंपात परत ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत. सोलांजला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही. तेरियोने अकराही पिंपं चाखली. जाताना त्याने तीन चीजचे वडे खाल्ले. "आता माझा निर्णय झालाय," तो म्हणाला, "आता चालतं."

"ओक्ताव्हला निरोप देऊ का?" सोलांजने विचारलं.

"त्याला म्हणावं, कोशिंबिरीला व्हिनेगर विकत आण."

वर फिलिबेर खिडकीशी बसून होता. सोलांजने किल्ली त्याच्या हातात दिली, त्याने ती परत तिच्या हातात ठेवली आणि तिची मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटली. मग त्याने जरा लाजतच विचारलं, "आणि प्याला? प्याला बघितला का तेरियोने?"

मला वाटलं, आता ती सांगणार. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांकडे पाहिलं. घासून घासून ती सोलवटली होती.

"पहिल्या घोटापासून त्यांचं सगळं लक्ष प्याल्यावरच होतं, पापा," ती म्हणाली.

"बघ! दोन दिवस बसलो होतो मी!"

तळघरात मला जीभ नसल्याचं दुःख झालं होतं. त्या खोलीत मात्र जीभ नाही तेच बरं, असं वाटलं.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. फिलिबेर गेला, तेरियोही गेला. हल्ली चाखायला उंच दांड्याचे पातळ काचेचे ग्लास वापरतात, तळघरात विजेचे दिवे आहेत, आणि मी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. पाहुणे माझ्याकडे बघतही नाहीत. बघितलं तर राखदाणी समजतात. पण वसंतात एकदा सोलांज, आता ती पुरती म्हातारी झाली आहे, काठी टेकत सतरा पायऱ्या उतरते, मला खाली काढते, वाइनने विसळते आणि नव्या वाइनची पहिली चव माझ्यातूनच घेते.

मित्रांनो, जिच्यावर तुमचा जीव आहे ती वस्तू चमकवण्याआधी तिचं काम काय ते विचारा. मला झळाळी नको आहे, मला वाइन हवी आहे. काळा असलो तरी मी खरं तेच दाखवतो.

आणि एक विनंती. त्या वसंतात सोलांजने सुईने माझ्या टिकल्यांमधला सगळा लेप काढला. माझ्या कानाच्या मागे, जिथे वाइन पोहोचत नाही अशा एका खाचेत, पांढरा कण अजून आहे. तो तिला दिसला नाही असं समजू नका. मला स्वच्छ करायचं काम कधी तुमच्या वाट्याला आलं, तर तेवढा तो राहू द्या.